हेराक्लीस: बारा कामं सगळ्यांना पाठ, पण घरी परत आल्यावर काय झालं?

कोकणकडा

हर्क्युलीस म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा सायकल आठवते, मग कार्टून, सिंहाचं कातडं पांघरलेला पैलवान, आणि फारच झालं तर ती बारा अचाट कामं. नेमियाचा सिंह, डोकं तोडलं की दोन उगवणारी हायड्रा, ऑगियसच्या तबेल्यातलं वर्षानुवर्षांचं शेण नदी वळवून धुणं वगैरे. लहान मुलांच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. पण हा माणूस (ग्रीक नाव हेराक्लीस, मी तेच वापरतो) माझ्या मते ग्रीक पुराणातला सगळ्यात दुर्दैवी प्राणी आहे, ईडिपस (नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा) वगैरे मंडळी धरूनसुद्धा.

मुळात जन्मच फसवणुकीतून. आई अल्कमेनी, नवरा अँफिट्रायॉन लढाईवर गेलेला. देवांचा राजा झ्यूस नवऱ्याचं रूप घेऊन आला आणि एका रात्रीच्या तीन रात्री केल्या. (आपल्याकडे इंद्र आणि अहल्येची गोष्ट माहीत असल्यामुळे या प्रकाराचं फार नवल वाटू नये.) पुढे बाळंतपणाच्या दिवशी झ्यूसने बढाई मारली की आज पर्सियसच्या कुळात जो जन्मेल तो सगळ्यांवर राज्य करेल. त्याची बायको हेरा, तिने त्याच्याकडून शपथ वदवून घेतली आणि इकडे अल्कमेनीच्या कळा अडवून धरून तिकडे युरिस्थियस नावाच्या चुलतभावाला सातव्या महिन्यातच जन्माला घातलं. झालं, राज्य त्याला. म्हणजे ज्याच्या मनगटात सगळ्या जगाची ताकद तो जन्मभर एका भित्र्या माणसाचा नोकर. हा युरिस्थियस इतका भित्रा की हेराक्लीसने रानडुक्कर जिवंत धरून आणलं तेव्हा तो जमिनीत पुरलेल्या रांजणात लपून बसला, ग्रीक मडक्यांवर हे चित्र हौसेने काढलेलं सापडतं, रांजणातून फक्त डोकं आणि वर केलेले दोन हात.

मोठा झाल्यावर थीबीजच्या राजाची, क्रेऑनची, मुलगी मेगारा हिच्याशी लग्न, मुलं. आणि मग ती घटना. हेराने त्याच्यावर वेड सोडलं आणि त्या वेडाच्या भरात त्याने स्वतःची मुलं मारून टाकली.

आता मला ज्यासाठी धागा काढावासा वाटला तो मुद्दा. आपण जी गोष्ट ऐकलेली असते त्यात आधी हे हत्याकांड, मग डेल्फीची देववाणी, मग प्रायश्चित्त म्हणून युरिस्थियसची चाकरी आणि बारा कामं. अपोलोडोरसच्या नावावर जो पुराणांचा संग्रह आहे त्यात हाच क्रम आहे आणि तो आपल्याला बरा वाटतो, कारण त्यात हिशोब लागतो. पाप केलं, फेडलं, सुटला.

युरिपिडीसने इ.स.पू. ४१६ च्या आसपास याच्यावर जे नाटक लिहिलं त्यात त्याने हा क्रम सरळ उलटा केला. कामं आधी, हत्या नंतर. बारा कामं करायचं कारणही वेगळं दिलंय. अँफिट्रायॉनच्या हातून सासरा मारला गेलेला असतो, त्यामुळे त्याला आर्गॉसमधून हद्दपार केलेलं. बापाला आपल्या गावी परत जाता यावं म्हणून मुलगा ही चाकरी पत्करतो. शेवटचं काम पाताळात जाऊन कुत्रा धरून आणायचं. तो गेलाय तो येत नाही, लोक म्हणतात मेला. इकडे लायकस नावाचा एक उपटसुंभ क्रेऑनला मारून थीबीज बळकावतो आणि मेगारा, म्हातारा अँफिट्रायॉन आणि तीन पोरं यांना मारायला निघतो. मेगारा काय करते, तर त्याच्याकडे एवढीच परवानगी मागते की पोरांना मरणाचे कपडे चढवू दे. पोरं नटूनथटून मरायला बाहेर येऊन उभी आहेत आणि नेमका त्या क्षणी हेराक्लीस पाताळातून परत. लायकसला मारतो. पोरं त्याचे कपडे सोडायलाच तयार नाहीत.

इथे नाटक संपलं असतं तर हिंदी सिनेमा झाला असता.

लायकसचं रक्त सांडलं म्हणून घर शुद्ध करायला झ्यूसच्या वेदीपुढे विधी चाललाय. पोरं उभी, टोपली फिरवून झाली, तो जळतं लाकूड पाण्यात बुडवायला हात पुढे करतो आणि थांबतो. बोलत नाही. पोरं बापाकडे बघतायत. त्याचे डोळे फिरलेले, दाढीवर फेस. मग तो हसतो आणि म्हणतो की युरिस्थियसला मारायच्या आधी शुद्धी कशाला, सगळं एकदमच करू, धनुष्य आणा. जागेवरच उभा राहून रथ हाकतो, नसलेल्या घोड्यांना फटके मारतो. नोकरांना कळत नाही हसावं की घाबरावं, एकमेकांना विचारतायत मालक थट्टा करतायत का. एकेका दालनात जाऊन म्हणतो हे मेगारा शहर आलं, हे इस्थमस आलं, कपडे काढून कोणाशीच नसलेली कुस्ती खेळतो आणि स्वतःच स्वतःला विजयी जाहीर करतो. मग आपली पोरं त्याला युरिस्थियसची पोरं दिसायला लागतात. एकाला खांबाभोवती फिरून गाठतो. दुसरा वेदीआड दबा धरून बसलेला, तो बापाच्या हनुवटीला हात लावून सांगतो की मी तुझा आहे, युरिस्थियसचा नाही. बाण मारायला तो फारच जवळ, म्हणून सोटा. तिसऱ्याला घेऊन आई आतल्या खोलीत जाते, दार लावते, तो दार उखडतो आणि एकाच बाणात दोघं. म्हातारा बाप उरला, तेवढ्यात अथीना देवी हेराक्लीसच्या छातीवर धोंडा मारते आणि तो झोपी जातो. लोक त्याला मोडक्या खांबाला बांधून ठेवतात.

हे सगळं स्टेजवर दिसत नाही, एक नोकर बाहेर येऊन सांगतो.

सांगायचं काय, तर जुन्या क्रमात पराक्रमाला अर्थ आहे. युरिपिडीसच्या क्रमात सगळी पृथ्वी राक्षसांपासून मोकळी करून माणूस घरी येतो आणि त्याच हातांनी हे. कुठलं पाप नाही, कुठला गर्व नाही, ज्याला आपण ट्रॅजिक हीरोची चूक म्हणतो ती शोधूनही सापडत नाही. मला हाच हेराक्लीस खरा वाटतो. बाकीच्यांनी काय वाचलंय, काय वाटतं?

मनीमाऊ

बाप रे. सकाळी सकाळी चहा घेताना वाचायला नको होतं हे. वाचनखूण साठवली, रात्री परत वाचते.

शंकेखोर

लेख छान पण सहानुभूती जरा जास्त होतेय असं वाटतं. हा माणूस वेड नसतानाही काय कमी होता का? लहानपणी संगीत शिकवणारा लायनस, त्याने चूक दाखवून एक फटका मारला तर याने वाद्यच त्याच्या डोक्यात घालून मारला. खटल्यातून सुटला आणि अँफिट्रायॉनने धसका घेऊन त्याला गुरं राखायला पाठवला. पुढे इफिटस नावाचा मुलगा विश्वासाने याच्याकडे आलेला, त्याला तिरिन्सच्या तटावरून खाली ढकलला. आता तुम्ही म्हणाल तिथेही वेडाचा झटका होता, काही ठिकाणी तसं लिहिलंय, पण किती वेळा तेच कारण द्यायचं? त्या गुन्ह्यासाठी देवांनी त्याला लिडियाच्या ऑम्फली राणीकडे गुलाम म्हणून विकला तेव्हा कुठे शिक्षा झाली. आपल्या गल्लीतल्या दादा लोकांची भक्त मंडळी अशीच बोलतात, भाईचं मन फार चांगलं आहे फक्त राग जरा लवकर येतो.

कोकणकडा

@शंकेखोर, हसलो. पण तुम्ही म्हणताय ते ग्रीकांनाही दिसत होतंच की. होमरच्या ओडिसीमध्ये इफिटसचा खून अगदी स्पष्ट निषेधाने सांगितलाय, घरी आलेल्या पाहुण्याला जेवू घालून मारला, देवांची भीड ठेवली नाही म्हणून. विनोदी नाटकांत तर हेराक्लीस म्हणजे हावरट खादाड, स्वैपाकाचा वास आला की विरघळणारा. शुद्ध चारित्र्याचा माणूस असं कोणी म्हणत नव्हतं. माझा मुद्दा इतकाच की त्या एका हत्याकांडात तरी युरिपिडीसने त्याला मुद्दाम निर्दोष ठेवलंय. उलट घरी आल्यावर तो पोरांना जवळ घेऊन म्हणतो की सिंहाशी आणि हायड्राशी लढलो आणि स्वतःच्या पोरांसाठी लढलो नाही तर त्या कामांना काय चाटायचंय. (शब्द माझे, भाव त्याचा.)

नाटकवेडा

धागाकर्त्याने नोकराचं निवेदन छान सांगितलंय पण त्याच्या आधीचा प्रसंग सुटला, तो माझ्या मते अख्ख्या नाटकातला सगळ्यात धाडसी. लायकस मेलाय, कोरस (गाणारा समूह) आनंदाने गातोय की देव आहेत बरं का, न्याय आहे बरं का, आणि त्याच क्षणी छपरावर दोन देवता उगवतात. एक आयरिस, हेराची निरोपी. दुसरी लिसा, म्हणजे साक्षात वेड. आणि गंमत बघा, लिसाच म्हणते की हे करू नका! या माणसाने समुद्र आणि जमीन माणसाळवली, देवांचे बंद पडलेले मान परत सुरू केले, याच्यावर मला सोडू नका. आयरिस तिला झापते की तुला अक्कल शिकवायला पाठवलेलं नाही. मग लिसा सूर्याला साक्ष ठेवून सांगते की मी हे मनाविरुद्ध करतेय. वेडालाच शहाणपण आणि देवांना नाही, नाटककाराने प्रेक्षकांच्या तोंडावर मारलंय हे, तेही डायोनायसस देवाच्या नाट्योत्सवात, पहिल्या रांगेत पुजारी बसलेले असताना.

अजून एक. सुरुवातीलाच म्हातारा अँफिट्रायॉन झ्यूसला सुनावतो की मी साधा मर्त्य माणूस असून तुझ्यासारख्या थोर देवापेक्षा बरा निघालो, मी हेराक्लीसच्या पोरांना सोडून पळालो नाही, दुसऱ्याच्या बिछान्यात चोरून शिरायला बरं जमतं तुला. ज्याच्या बायकोला फसवलं तो बोलतोय हे. हा बाप मला फार आवडतो. रक्ताचा नसूनही शेवटपर्यंत बाप तोच.

नाटकाचे दोन तुकडे पडतात, मध्ये जोड नाही, अशी टीका समीक्षक पूर्वीपासून करत आलेत. मला तर तेच बरोबर वाटतं, माणसाचंच आयुष्य मधोमध तुटलंय तर नाटक कशाला अखंड पाहिजे. बरं जोड अगदीच नाही असंही नाही. पहिल्या भागात पोरं कपडे सोडत नाहीत तेव्हा हेराक्लीस म्हणतो की चला, मोठं जहाज लहान होड्या ओढून नेतं तसा मी तुम्हाला नेतो. शेवटी अथेन्सचा राजा थीसियस त्याला अथेन्सला घेऊन निघतो तेव्हा हेराक्लीस स्वतःबद्दल तेच म्हणतो, आता मी ओढून न्यायची होडी. शब्दसुद्धा तोच वापरलाय. मराठीत कोणी हे करून दाखवावं, दोन तासांचं, इंटरव्हल बरोबर लिसाच्या एंट्रीला.

सदाफुली

थीसियसबद्दल कोणीतरी लिहा ना, तो कुठून आला मध्येच?

नाटकवेडा

@सदाफुली, हेराक्लीसने त्याला त्याच पाताळाच्या फेरीत सोडवून आणलेलं असतं. लायकसची बातमी ऐकून तो सैन्य घेऊन मदतीला येतो आणि बघतो तर पोरांची प्रेतं आणि डोक्यावरून वस्त्र ओढून बसलेला मित्र. तोंड झाकलंय कारण ग्रीक समजुतीप्रमाणे अशा खुन्याचा विटाळ नुसत्या नजरेनेही लागतो. थीसियस सरळ जाऊन ते वस्त्र बाजूला करतो. म्हणतो मित्राचा विटाळ मित्राला होत नाही. हेराक्लीस जीव द्यायला निघालेला असतो, हा त्याला बोलून बोलून परत आणतो. हात दे म्हणतो. अरे माझ्या हाताचं रक्त तुझ्या कपड्यांना लागेल, तर म्हणतो पूस, खुशाल पूस.

आणि मग धनुष्याचा प्रश्न. तीच शस्त्रं बरोबर न्यायची का? चालताना ती बरगड्यांवर आपटत राहणार आणि म्हणत राहणार की आमच्याच साहाय्याने तू बायकामुलं मारलीस, आम्हाला जवळ ठेवतोस म्हणजे पोरांच्या खुन्यांना जवळ ठेवतोस. तरीही तो ती उचलतो, कारण निःशस्त्र झाला तर शत्रू मारतील. सिंह मारणं यापुढे किरकोळ आहे.

डॉक_सातारकर

वैद्यकीय अंगाने थोडं. डोळे फिरणं, फेस, नंतर गाढ झोप आणि उठल्यावर काहीच न आठवणं हे वर्णन वाचून कोणाही डॉक्टरला फिट आठवेल. प्राचीन काळी अपस्माराला 'पवित्र रोग' म्हणायचे आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या एका ग्रंथात म्हटलंय की ते नाव हेराक्लीसवरूनच पडलं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर फिट आलेला माणूस असं पाठलाग करून, नेम धरून मारत नाही. त्यामुळे निदान करण्याचा मोह टाळावा.

मला जास्त पटतं ते युद्धाहून परतलेल्या सैनिकाचं वाचन. नाटक लिहिलं तेव्हा अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध (इ.स.पू. ४३१ ते ४०४) चालू होतं, थिएटरात बसलेल्या बऱ्याच जणांनी स्वतः माणसं मारलेली होती. झटका येतो तेव्हा म्हातारा बाप त्याचा हात धरून विचारतो, आत्ता ज्यांना मारलंस त्यांच्या रक्ताने तर तुझं डोकं फिरलं नाही ना? देवीदेवता बाजूला ठेवून युरिपिडीसने तिथे दुसरा दरवाजा किलकिला केलाय. आमच्याकडे साताऱ्यात घराघरात फौजी, रिटायर होऊन आलेल्या माणसाला झोपेतून हात लावून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची, हे बायकांना कोणी शिकवावं लागत नाही.

पुणेरी_पाटी

यावर एकच नाव सुचतं, कर्ण. देवाचा मुलगा, जन्मापासून अन्याय, आयुष्यभर लायक नसलेल्या माणसाची चाकरी. +१ द्या.

शंकेखोर

@पुणेरी_पाटी, आपल्याकडे कुठलाही दुःखी माणूस दिसला की त्याला कर्ण करायची खोडच आहे. दुर्योधनाने कर्णाला राज्य दिलं, मैत्री दिली, कर्णाने बाजू स्वतः निवडली. युरिस्थियसने याला काय दिलं? उलट मापात पाप केलं. अपोलोडोरसमध्ये मुळात कामं दहाच ठरलेली, त्यातली दोन त्याने बाद केली. हायड्राच्या वेळी पुतण्याने, इओलाउसने, मदत केली म्हणून ते काम धरलं नाही, आणि तबेल्याची मजुरी मागितली म्हणून तेही धरलं नाही. अशी दहाची बारा झाली. हा कर्ण नाही, हा कंत्राटी कामगार.

पुणेरी_पाटी

मान्य नाही पण 'कंत्राटी कामगार' आवडलं.

निळावंती

सगळे पहिल्या बायकोवरच थांबलात, दुसरीचं कोण सांगणार? डेआनिरा. सोफोक्लीसचं नाटक आहे तिच्यावर आणि नाव 'ट्रेकिसच्या बायका' असलं तरी ते नाटक तिचंच, अर्ध्याहून जास्त नाटक होईपर्यंत हा गृहस्थ स्टेजवर येतच नाही.

नवरा कायम बाहेर. ती म्हणते लांबच्या शेताचा मालक जसा पेरणीला एकदा आणि कापणीला एकदा येतो तसा तो पोरांना बघायला येतो. मग बातमी येते की तो जिंकून येतोय, आणि पुढे पाठवलेल्या कैदी बायकांची रांग दारात येते. त्यातली एक पोरगी गप्प उभी आहे आणि डेआनिराला नेमकी तिचीच सगळ्यात जास्त दया येते, कोण आहेस गं तू, म्हणून विचारते. ती आयोली. तिच्यासाठीच हेराक्लीसने तिच्या बापाचं अख्खं शहर जाळलंय. लिकास नावाचा निरोप्या आधी खोटं बोलतो, मग कबूल करतो.

डेआनिरा चिडत नाही हो. म्हणते एका पांघरुणाखाली आता आम्ही दोघी, तिचं तारुण्य उमलतंय आणि माझं ओसरतंय, यात तिचा काय दोष. फक्त नवरा परत आपला व्हावा म्हणून ती एक जुनी वस्तू काढते. पूर्वी नदी ओलांडताना नेसस नावाच्या सेंटॉरने (अर्धा माणूस, अर्धा घोडा) तिला खांद्यावरून नेताना अंगचटीला जायचा प्रयत्न केला, हेराक्लीसने बाण मारला आणि मरता मरता नेसस तिला म्हणाला की माझ्या जखमेतलं रक्त जपून ठेव, याने नवरा दुसऱ्या बाईकडे बघणार नाही. बाण हायड्राच्या विषात बुडवलेला होता, म्हणजे ते रक्त नाही, विष आहे. तिने ते वर्षानुवर्षं अंधारात जपलं. अंगरख्याला लोकरीच्या बोळ्याने लावलं, पेटीत घालून वर आपल्या अंगठीचा शिक्का मारला आणि पाठवून दिलं.

मग घरात येऊन बघते तर ती लोकर, जी तिने सहज उन्हात टाकलेली, नाहीशी झालीय. जमिनीवर नुसता भुसा, करवतीखाली पडतो तसा, आणि त्या जागेवरून फेस उकळून वर येतोय. तिथेच तिला सगळं कळतं. मरणाऱ्या शत्रूने माझं भलं का करावं, हे तेव्हा का नाही सुचलं म्हणते. पण पेटी गेलेली असते.

मुलगा हायलस येऊन आईला तळतळाट देतो. ती एक शब्द न बोलता आत जाते. घरभर फिरते, वस्तूंना हात लावते, शेवटी लग्नाच्या बिछान्यावर बसते, खांद्यावरची पिन काढते आणि तलवार. मुलाला खरं कळतं तेव्हा उशीर झालाय.

आणि आता तुमचे नायक. अंगरखा अंगाला चिकटलाय, ओढला की मांस निघतंय, यातना भयंकरच आहेत, नाकारत नाही. लिकासला पायाला धरून समुद्रातल्या खडकावर आपटून मारलाय, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. मुलगा सांगतो की आई निर्दोष होती, तिने नेससच्या सांगण्यावरून केलं. नेससचं नाव ऐकल्यावर हेराक्लीसला जुनी देववाणी आठवते की तुला जिवंत माणूस नाही तर मेलेला मारेल, आणि बस्स. त्यानंतर तो बायकोबद्दल एक अक्षर काढत नाही. मुलाला दोन हुकूम, मला ओएटा डोंगरावर नेऊन चितेवर ठेव आणि आयोलीशी तूच लग्न कर. बापाची रखेल मुलाच्या गळ्यात! आयोलीला कोणी विचारलं? तिचं तर अख्ख्या नाटकात एक वाक्य नाही.

तर कोकणकडा, ट्रॅजिक कोणाचं आयुष्य म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मनीमाऊ

निळावंती ताई __/\__ वेगळा लेख लिहा यावर.

कोकणकडा

@निळावंती, प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी झालाय. हेराक्लीस तिथे दगडासारखा आहे, त्यात वाद नाही. तरी एक सांगतो, मला ते दोन हेराक्लीस वेगळे वाटतात. युरिपिडीसचा माणूस पोरं मारून झाल्यावर बापाला मिठी मारतो, मेलेल्या बायकोला आणि पोरांना जवळ घेऊन निरोप देतो, मित्राचा हात धरतो. सोफोक्लीसचा हेराक्लीस शेवटपर्यंत जुन्या काळातला, रानटी, देव आणि जनावर यांच्या मधला. एकाच नावाखाली दोन नाटककारांनी दोन माणसं उभी केली. चिता पेटवायचीही कोणाची हिंमत होत नाही, शेवटी फिलॉक्टिटीस (काही ठिकाणी त्याचा बाप) पेटवतो आणि बदल्यात ते धनुष्य मिळवतो, तेच पुढे ट्रॉयच्या युद्धात जातं. ओएटावर अशी जाळाची जागा उत्खननात खरोखर सापडलीय, राखेचे थर आणि हेराक्लीसच्या लहान लहान कांस्यमूर्ती, म्हणजे लोक तिथे जाऊन आग पेटवत होते.

गलबत

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात याचा एक अजस्र पुतळा आहे, फार्नेसे हर्क्युलीस, तीन मीटरच्या वर उंच. रोममधल्या कॅराकालाच्या स्नानगृहांत १५४६ मध्ये सापडला. समोरून बघितलं तर स्नायूंचा डोंगर, पण नीट बघा, माणूस सोट्यावर रेललाय, मान खाली, चेहरा दमून गेलेला. मी बराच वेळ विचार करत होतो की एवढं दमायला काय झालं. मग मागे गेलो. उजवा हात पाठीमागे, त्यात हेस्परिडीस अप्सरांच्या बागेतली सफरचंदं (बारा कामांतलंच एक). म्हणजे सगळी दौड करून फळं मिळवलीत आणि ती हातात घेऊन उभं राहायलासुद्धा त्राण नाही. बहुतेक टूरिस्ट समोरूनच सेल्फी काढून जातात.

ऑलिंपियालाही गेलो होतो. झ्यूसच्या देवळावर (इ.स.पू. ४५६ च्या सुमारास बांधून झालं) बारा कामांचे बारा पट होते. पहिल्याच पटात, सिंह मारल्यावर, हा मिसरूड न फुटलेला पोरगा आहे आणि मेलेल्या सिंहावर पाय ठेवून डोकं हातावर टेकून उभा. जल्लोष नाही काही नाही. अजून अकरा बाकी. ॲटलसच्या (आकाश पेलणाऱ्या दैत्याच्या) पटात हेराक्लीसच्या खांद्यावर आकाश आहे, भार सोसायला खाली उशी घेतलीय, आणि मागे अथीना नुसता एक हात वर करून सहज आकाशाला टेकू देतेय. देवांना जे एका हाताने जमतं त्याने याचा जीव जातोय.

पुणेरी_पाटी

अवांतर: मेगॅस्थेनीसने (चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातला ग्रीक वकील) लिहिलंय ना की मथुरेकडचे लोक हेराक्लीसची पूजा करतात?

गलबत

हो, शौरसेन लोक आणि मेथोरा नावाचं शहर असा उल्लेख ग्रीक इतिहासकार ॲरियनने मेगॅस्थेनीसच्या हवाल्याने दिलाय. बहुतेक अभ्यासक तो कृष्ण धरतात. ग्रीक लोकांना बाहेर कुठलाही बलवान देव दिसला की आपला हेराक्लीस दिसायचा, आपण कर्ण बघतो तसं. :) बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजा डिमिट्रियसच्या नाण्यांवर हेराक्लीस स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवताना आहे. आणि गांधार शिल्पात तर बुद्धाच्या शेजारी उभा राहणारा वज्रपाणी कधी कधी चक्क हेराक्लीसच्या अवतारात दिसतो, सिंहाचं कातडं वगैरे, फक्त सोट्याच्या जागी वज्र. नोकरी बदलली, मालक मात्र चांगला मिळाला.

शंकेखोर

@गलबत, शेवटच्या वाक्याला कडक सॅल्यूट.

बरं मला एक सांगा, शेवटी हा ऑलिंपसवर जाऊन देव झाला, हेराशी समेट झाला, तिचीच मुलगी हीबी याला बायको म्हणून मिळाली. मग शोकांतिका कुठे राहिली? हॅपी एंडिंगच की.

कोकणकडा

त्याचीही दोन उत्तरं आहेत. इलियडमध्ये अकिलीस सरळ म्हणतो की झ्यूसचा एवढा लाडका हेराक्लीस, तोसुद्धा मरणातून सुटला नाही. विषय संपला. ओडिसीमध्ये मात्र ओडिसियस पाताळाच्या दारी त्याला बघतो आणि लगेच खुलासा येतो की ही नुसती छाया, खरा हेराक्लीस वर देवांबरोबर मेजवानीत हीबीसोबत आहे. या ओळी मागाहून घुसडल्या असा संशय जुन्या पंडितांनाही होता. पण ती छाया बघा काय करतेय. धनुष्य ताणलेलं, बाण लावलेला, सगळीकडे नजर, आता सोडेल की मग सोडेल, आणि मेलेले लोक पाखरांसारखे घाबरून पांगतायत. वर मेजवानी चालू असेल, खाली याची ड्यूटी अजून संपलेली नाही. हॅपी एंडिंग तुम्ही वरच्याचं बघताय.

निळावंती

आणि मेगारा? ती पण तिथेच असेल ना पाताळात?

कोकणकडा

आहे. त्याच सर्गात, थोडं आधी. ओडिसियस म्हणतो मी अल्कमेनीला पाहिलं, आणि क्रेऑनची मुलगी मेगारा पाहिली, अँफिट्रायॉनच्या बलाढ्य मुलाची बायको. दोन ओळी. ती काही बोलत नाही, मुलांचा उल्लेख नाही, आणि लगेच पुढे ईडिपसच्या आईची गोष्ट सुरू होते.

नाटकवेडा

ईडिपसचा विषय इथे काढू नका प्लीज, धागा हायजॅक होईल. वेगळा काढा, मी येतो भांडायला.

शंकेखोर

काढाच. ट्रॅजिक हीरोची चूक म्हणजे नक्की काय ते तिथे एकदाचं होऊन जाऊ दे, माझ्या मते ॲरिस्टॉटलचं ते वाक्य (नायक एखाद्या चुकीमुळे पडतो हे) सगळे चुकीचं वाचतात.